अंगठेबहाद्दर वन्सं

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. लहानपणी आलेल्या एका तापात त्याचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून जगात काय चाललंय हे त्याला कळवायचं काम त्याच्या थोरल्या बहिणीनं अंगावर घेतलं. ती थोरली बहीण म्हणजे माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हा शब्द मला जुनाट वाटायचा, आता दुसरा सुचत नाही.

तापातून उठल्यावर भावाला वर्गातलं काही कळेना, म्हणून वन्सं संध्याकाळी त्याच्या वर्गातल्या मुलांना गाठायच्या, मास्तर काय काय बोलले ते वदवून घ्यायच्या आणि पाटीवर लिहून त्याला दाखवायच्या. पुढे त्या टायपिंगच्या क्लासला गेल्या. तिथली यंत्रं जुनी, लोखंडी. एकेक अक्षर उठवायला हातोडी मारल्यासारखा जोर लावायला लागायचा. वन्संची बोटं त्या यंत्रांवर घडली. भाऊ सुतारकाम शिकायला गेला, तेव्हा या टायपिस्टच्या नोकरीतून सुट्टी काढून त्याच्या शेजारी बसत आणि शिकवणाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं टाइप करत. ते बघून तिथली आणखी काही ऐकू न येणारी मुलं त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहायला लागली. गर्दी वाढली, तेव्हा कुणीतरी कॉम्प्युटर जोडून ती अक्षरं भिंतीवरच्या पडद्यावर मोठी करून दाखवायची युक्ती काढली. वन्संना त्यांचा धंदा असा सापडला. समोरचा बोलतो, या टाइप करतात आणि त्याचे शब्द पडद्यावर उमटतात. सभा, व्याख्यानं, दवाखान्यातली समजावणी, आणि एकदा तर एका जोडप्याची घटस्फोटाची बोलणीसुद्धा त्यांनी टाइप केली. त्या बोलण्यात नवराबायको एकमेकांना जे जे म्हणाले ते पडद्यावर वाचून दोघंही ओशाळले आणि घटस्फोट पुढे ढकलला गेला, असं वन्सं सांगतात. खरं खोटं त्यांनाच ठाऊक.

त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "दुसऱ्याचं ऐकत बसायचं काम मी पैसे घेऊन करते. फुकट कोण करील?"

आमचं घर दुमजली. खाली आम्ही दोघं आणि माझं शिवणकाम, वर वन्संची खोली. माझं मशीन जिन्याच्या तोंडाशी आहे, त्यामुळे वर काय चाललंय ते मला कामावरून न उठता कळतं. वन्संची बोटं दुखायला लागली तेही मला असंच कळलं. वरून येणारा टाइपिंगचा आवाज मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. मी वर गेले तर त्या डावा हात कोमट पाण्यात बुडवून बसलेल्या.

दुखत होतं ते करंगळीचं मूळ. आपली भाषा टाइप करताना ख, घ, थ, ध, भ अशी जोर देऊन म्हणायची अक्षरं काढायची, तर शिफ्टची कळ डाव्या करंगळीनं दाबून धरावी लागते. श, ण आणि ळ यांनाही तेच. घर म्हणा, भाऊ म्हणा, थांब म्हणा, करंगळीला सुटका नाही. पन्नाशीपर्यंत तिनं निमूट सोसलं आणि मग एकदम संप पुकारला. कळ दाबली की कळ यायची, अशी गत झाली.

दुखणं हातापुरतं राहिलं असतं तर वन्संनी कुणाला पत्ता लागू दिला नसता. पण ते पडद्यावर दिसायला लागलं. दुखऱ्या करंगळीनं शिफ्ट नीट दाबली जाईना. एका सभेत वक्ते म्हणाले, घाई करू नका. पडद्यावर आलं, गाई करू नका. लोक हसले. त्यानंतर विमा कंपनीचा एक अधिकारी कर्णबधिरांच्या संस्थेत आला. तो फार गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "मी तुम्हाला खात्री देतो." पडद्यावर उमटलं, मी तुम्हाला कात्री देतो. सगळं सभागृह खो खो हसत सुटलं आणि त्या बिचाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळेना. पुढचे कित्येक दिवस संस्थेतले लोक माझ्या नवऱ्याला विचारत होते, तुझ्या बायकोला तिची कात्री मिळाली का.

वन्संही हसल्या. पण घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अगं, त्यांना जे कळतं ते माझ्या बोटांतून कळतं. मी चुकले, तर ते बोलणाऱ्याला हसतात. हे बरं नाही."

संस्थेचे सचिव मनाचे चांगले. बोललेलं आपोआप लिहून काढणारा एक प्रोग्राम त्यांनी संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसवून घेतला आणि एका बैठकीत लावून पाहिला. शांत खोलीत एकटा माणूस सावकाश बोलत असता तर त्याचं ठीक चाललं असतं. पण तिथे पंख्याची घरघर, भिंतीवरून परत येणारा आवाज, आणि आमच्या लोकांची एकाच वेळी चौघांनी बोलायची सवय. प्रोग्रामनं शेपूट असलेली आणि डोकं नसलेली अशी काही वाक्यं काढली की शेवटी लोकांनी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं. सचिवांनी पुन्हा वन्संना बोलावलं, पण जरा अडखळतच. मोठ्या सभा आता झेपतील का, हे त्यांनी विचारलं नाही. छोट्याच सभा घेतल्या तर चालेल का, असं विचारलं. वन्संना दोन्हीचा अर्थ एकच लागला.

मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिली, फोटो काढून पाहिला आणि बोटांना विश्रांती द्या म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, लोकांना सांगा जिभांना विश्रांती द्यायला, बोटं आपोआप थांबतील. बाई हसल्या आणि त्यांनी टेबलावर टाइप करून दाखवायला सांगितलं. वन्संनी दाखवलं, तर टेबलावरचा पेनांचा पेला थरथरायला लागला. बाईंनी तो उचलून बाजूला ठेवला. "तुम्ही कळा दाबत नाही, ठोकता," त्या म्हणाल्या. "लॅपटॉपच्या सपाट कळांवर हा मार सगळा सांध्यांवर उलटतो. औषध देते, पण आधी कीबोर्ड बदला."

सांगणं सोपं होतं. आमच्या बाजारपेठेत एका जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार टक्कल पडलेले, बोलघेवडे, आणि मेकॅनिकल कीबोर्डचे वेडे. त्यांना सगळे स्प्रिंगवाले म्हणतात. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो, आणि मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्प्रिंगची वेगळी डबी असते, तिला स्विच म्हणतात, हे त्यांनी आम्ही खुर्चीत टेकण्याआधीच सांगून टाकलं. स्विच कसला यावर हाताला कसं लागणार ते ठरतं. कुणाला टक् असा आवाज देणारा आवडतो, कुणाला गुळगुळीत, कुणाला मधे किंचित अडखळणारा.

वन्संनी पहिला घेतला तो टक् आवाजाचा. त्यावर बोट ठेवताच त्यांचा चेहरा असा उजळला की स्प्रिंगवाल्यांनी दुसरा दाखवलाच नाही. त्यांना टायपिंगचा क्लास आठवला होता. घरी आल्यावर वरून असा कडकडाट सुरू झाला की माझं शिलाई मशीन त्यापुढे मुकं वाटायला लागलं. करंगळीचं दुखणं होतं तसंच होतं, पण उरलेल्या बोटांना मजा येत होती आणि चुका कमी झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "जिंकलं गं."

पुढच्याच सभेत फजिती झाली. पाहुणे म्हणून एक प्राध्यापक आले होते, हळू आवाजात बोलणारे. वन्संचं टेबल त्यांच्या माइकजवळ. ते एक वाक्य बोलायचे आणि लाउडस्पीकरमधून गारा पडल्यासारखा आवाज घुमायचा. ऐकू येणारे पाचसहा लोक अस्वस्थ. बाकीचं सभागृह शांतपणे पडदा वाचत बसलेलं. शेवटी प्राध्यापक थांबले आणि मागे वळून म्हणाले, "तिकडे कोण अक्रोड फोडतंय?"

वन्संचा नियम असा की बोललेलं सगळं टाइप करायचं. त्यांनी तेही टाइप केलं. पडद्यावर प्रश्न उमटला, तिकडे कोण अक्रोड फोडतंय? आणि त्याखाली त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर लिहिलं, मी.

हसण्यावारी गेलं, पण तो कीबोर्डही गेला.

दुसरा कीबोर्ड त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतला. संस्थेत ज्याच्या त्याच्याकडे सल्ला होता. गेम खेळणारी मुलं म्हणाली, गुळगुळीत हलका घ्या, बोट लावताच अक्षर येतं. आणि तसंच झालं. बोट लावताच अक्षर येत होतं, नुसतं टेकवलं तरी येत होतं, आणि वन्सं विचार करत थांबल्या तरी येत होतं. ज्या बोटांना ठोकायची सवय, त्यांना लोण्यावर चालायला सांगितलं तर घसरणारच. संस्थेचे अध्यक्ष नमस्कार म्हणाले, तर पडद्यावर शेवटच्या र ची रांग लागली. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी काळजीनं विचारलं, अध्यक्षांची जीभ अडकायला लागली की काय.

आता वन्संच्या अगदी नाकी नऊ आले. कीबोर्ड खोक्यात घालून त्यांनी कपाटावर ठेवला आणि सचिवांना छोट्या सभांचं कळवायचं म्हणून निघाल्या. त्या जिना उतरताना मी त्यांना थांबवलं. इतके दिवस या बाबतीत मी तोंड उघडलं नव्हतं, कारण कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. पण हातात धरायच्या वस्तूंमधलं कळतं. मी त्यांना म्हटलं, "वन्सं, मी कात्री कशी घेते सांगू? दुकानात जाते, कापडाचा तुकडा बरोबर नेते आणि दुकानदार कंटाळेपर्यंत कापत बसते. माझ्या अंगठ्याला जी लागत नाही ती माझी. शेजारणीची कात्री कितीही चांगली असली तरी माझ्या हाताला फोड आणते. तुम्ही एकदा स्वतःच्या आवडीनं घेतलात आणि एकदा दुसऱ्यांच्या. हाताला विचारून एकदाही घेतला नाहीत."

वन्सं जिन्यातच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर."

त्या दिवशी आम्ही स्प्रिंगवाल्यांचं दुकान अडवलंच. त्यांनी एक फळी काढली, तिच्यावर नाना तऱ्हेचे स्विच ओळीनं बसवलेले. वन्संनी डोळे मिटले आणि एकेक बोट एकेका कळीवर ठेवून दाबायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत त्यांचं सगळ्यांना नाही. दुसऱ्या फेरीत एका ठिकाणी त्या थबकल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. "ही मला थांबवते," त्या म्हणाल्या. स्प्रिंगवाल्यांनी समजावलं, की या स्विचमध्ये अर्ध्या वाटेवर एक छोटा उंचवटा आहे. बोट तिथे पोचलं की अक्षर उमटतं आणि बोटाला कळतं की झालं, आता आणखी खाली जायचं कारण नाही. आत रबराची गादी असल्यामुळे आवाजही दबका. वन्सं डोळे मिटूनच ऐकत होत्या. जन्मभर बोटं तळापर्यंत आपटत होती, कारण त्यांना कुणी पुरे म्हटलंच नव्हतं.

पण तीच कळ अनामिकेनं दाबली तर त्यांना जड लागली, आणि करंगळीनं तर फारच. स्प्रिंगवाले म्हणाले की मग थोडी हलकी स्प्रिंग घेऊ. ती मधल्या बोटाला हलकी पडली. असं बराच वेळ चाललं. एका बोटाचं समाधान केलं की दुसरं रुसायचं.

"हाताची पाची बोटं सारखी नसतात," वन्सं म्हणाल्या. "मग सगळ्यांना स्प्रिंग एकच कशाला?"

स्प्रिंगवाल्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांच्याकडे असा कीबोर्ड होता ज्यातले स्विच चिमट्यानं उपटून दुसरे बसवता येतात. गिऱ्हाईक सहसा एकाच जातीचे मागतं, पण तसा काही नियम नव्हता. ते तिथेच कामाला लागले. मधल्या बोटांच्या ओळीत जड स्प्रिंग, अनामिकेला जरा हलकी, करंगळीच्या कोपऱ्यात सगळ्यात हलकी. वन्सं एकेक दाबून पसंत करत होत्या आणि ते बसवत होते. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. एकजण मोबाईल दुरुस्तीला आला होता, तोही बघत उभा राहिला आणि आपणही एक स्विच दाबून बघू का म्हणाला.

सगळं झाल्यावर वन्संनी टाइप करून पाहिलं. बोटं खूश होती. मग त्यांनी "भाऊ घरी थांबला" असं टाइप केलं आणि हात मागे घेतला. शिफ्ट दाबून धरायची तर करंगळी ताणून कोपऱ्यात न्यावी लागत होती, आणि ताण स्प्रिंगचा नव्हताच, अंतराचा होता. स्प्रिंगवाल्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले की यापेक्षा हलकी स्प्रिंग त्यांच्या माहितीत नाही.

वन्सं स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दोन अंगठे काय करतात?"

"शब्द संपला की मोकळी जागा सोडतात," स्प्रिंगवाले म्हणाले. "ती खालची लांब पट्टी त्यांची."

"दोघं मिळून एवढंच? आणि माझी करंगळी इकडे मरमर मरतेय. एका घरात एक बाई राबून राबून अर्धी झालीय आणि दोन धट्टेकट्टे नुसते बसून आहेत, असं चाललंय हे. करंगळीचं काम अंगठ्याला द्या."

स्प्रिंगवाले उठले. मग त्यांनी आतल्या खोलीतून दुसरा सांगाडा आणला. त्यात खालची लांब पट्टी मधोमध कापून तिच्या दोन वेगळ्या कळा केलेल्या होत्या, आणि कुठल्या कळीनं काय करायचं हे कॉम्प्युटरवर ठरवता येत होतं. हा सांगाडा त्यांच्याकडे धूळ खात पडला होता, कारण कुणाला त्याचा उपयोग कळत नव्हता. पसंत केलेले सगळे स्विच त्यात हलवले. डावा अर्धा भाग शिफ्ट झाला, उजवा अर्धा मोकळ्या जागेसाठी राहिला. वन्संनी डावा अंगठा टेकवून "भाऊ" लिहिलं. करंगळी जागची हललीसुद्धा नाही.

घरी येताना त्या खोका छातीशी धरून चालत होत्या. मला म्हणाल्या, "लोक शिकून सही करायला लागतात. मी म्हातारपणी अंगठेबहाद्दर झाले."

पण हाताला कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. जन्माची सवय करंगळीत बसलेली. अंगठा आपला नवखा, विसरायचा, उशिरा यायचा, नको तिथे पडायचा. पहिले काही दिवस वन्संचं टाइपिंग एखाद्या शाळकरी मुलीसारखं झालं. सचिवांकडून मोठ्या सभेचा निरोप यायचा होता, कारण पालिकेची एक महत्त्वाची सभा जवळ आली होती आणि तिच्यात संस्थेचं फार काही अडकलं होतं. त्या वर बसेनात. कीबोर्ड घेऊन खालीच, माझ्या मशीनसमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, तू बोल, मी टाइप करते, तुझ्याइतकं भरभर दुसरं कुणी बोलत नाही.

मग मी शिवता शिवता बोलायला लागले. गिऱ्हाइकांचं, शेजाऱ्यांचं, बाह्यांचं, काजांचं, कुणाच्या पोरीनं मापं देताना पोट कसं आत ओढलं त्याचं. शेजारीण आली की तीही बोलायची. वन्सं सगळं टाइप करायच्या. माझ्या नवऱ्यानं त्यांच्यासाठी मनगटाखाली ठेवायला शिसवी लाकडाची एक गुळगुळीत पट्टी करून दिली होती. ती बरोबर बसते का बघायला म्हणून तो कामावरून आल्यावर शेजारी बसला आणि त्याची नजर स्क्रीनवर गेली. वाचता वाचता तो हसायला लागला. मग थांबला. मग खुर्ची ओढून नीट बसला, आणि जेवायला बोलावलं तरी उठेना.

त्याच्या घरात रोज काय बोललं जातं ते त्याला सांगायला आम्ही टाळाटाळ करतो असं नव्हे. पण आपण तास तास बोलतो आणि ऐकू न येणाऱ्यानं विचारलं की म्हणतो, काही नाही, शेजारीण आली होती. दोन वाक्यांत गुंडाळतो. त्या दिवशी त्यानं सगळं वाचलं, टोमण्यांसकट, हसण्यासकट. मग त्याच्या त्या जरा मोठ्या आवाजात म्हणाला, "ताई, इतकी वर्षं या घरात एवढं बोलणं होतं? मला वाटायचं तुम्ही दोघी गप्प बसून काम करता."

वन्संनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचं वाक्यसुद्धा त्यांनी टाइप केलं. पण त्यानंतर त्यांचा सराव वाढला, आणि मला कळलं की आता तो नुसत्या सभेसाठी नव्हता. नवरा रोज संध्याकाळी येऊन बसायचा आणि चुका दाखवायचा. इथे ध चा द झालाय, इथे ळ राहिला. हळूहळू त्याला दाखवायला चुका मिळेनात. अंगठा शहाणा झाला होता. करंगळीची सूज उतरली आणि कोमट पाण्याचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात गेलं. एक दिवस मी आणि शेजारीण एकदम बोललो, मुद्दाम, आणि त्यांनी दोघींचं वेगवेगळं लिहून दाखवलं. सचिवांना त्यांनी आपणहून निरोप पाठवला, पालिकेची सभा मी घेते.

त्या सभेत प्रश्न होता तो संस्थेच्या कार्यशाळेचा. माझा नवरा आणि त्याचे जोडीदार जिथे सुतारकाम करतात ती इमारत पालिकेची. ती पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करावी असा प्रस्ताव होता. या आधीही तिच्याबद्दल सभा झाल्या होत्या. आमचे लोक जाऊन बसायचे, ओठ हलताना बघायचे आणि काय ठरलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं. या वेळी संस्थेनं पडदा मागून घेतला होता. पालिकेच्या अध्यक्षांनी नाखुशीनं होकार दिला. सभेत व्यत्यय येणार नसेल तर लावा, असं म्हणाले.

मी मागच्या रांगेत होते. पुढच्या रांगांमध्ये संस्थेचे लोक, वन्सं बाजूच्या छोट्या टेबलावर, समोर शिसवी पट्टी आणि तो ठिगळाठिगळांचा कीबोर्ड. सभा सुरू झाली आणि पडद्यावर शब्द वाहायला लागले. टेबलावरून आवाज येत होता तो पावसाळी पागोळ्यांसारखा, कान दिला तरच कळणारा. पहिला सदस्य सावकाश बोलला. दुसरा भरभर. मग दोघं तिघं एकमेकांचं बोलणं तोडायला लागले. वन्संच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, फक्त बोटं चालत होती. प्रत्येकाचं बोलणं नव्या ओळीवर, कोण बोलतंय ते सुरुवातीला. एका सदस्यानं शेजाऱ्याच्या कानाशी लागून, पण माइक चालू असताना, लवकर आटपा, भूक लागलीय असं म्हटलं. तेही उमटलं. सगळं सभागृह हसलं आणि तो सदस्यही हसला. त्यानंतर मात्र सगळे नीट बोलायला लागले.

मग पालिकेचे अभियंते उभे राहिले. जागेचं माप सांगितलं, गाड्यांची अडचण सांगितली आणि ओघात म्हणाले, "शिवाय ती कार्यशाळा दुपारनंतर रिकामीच असते."

ते वाक्य पडद्यावर पूर्ण होतंय न होतंय तोच माझा नवरा उभा राहिला.

"रिकामी नसते," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो लहान करता येत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. "मी असतो तिथे. दुपारनंतर ठोकाठोक नसते, पॉलिश चालतं, पण आम्ही सगळे संध्याकाळपर्यंत असतो. दारावर थाप मारली तर आम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं कुणी नाही. आत येऊन बघायला हवं होतं."

त्या रांगांमधून आजवर कुणी सभेत मधेच उठून बोललं नव्हतं. बोलणार कसं, मुद्दा निघून गेल्यावर कळायचा. अध्यक्षांनी अभियंत्यांना विचारलं, तुम्ही आत गेला होता का. अभियंते सरळ माणूस होते. त्यांनी कबूल केलं की ते दारावर थाप मारून परत आले होते. तेही पडद्यावर आलं. मग संस्थेच्या लोकांमध्ये एकामागून एक हात वर व्हायला लागले. कुणी स्वतः बोललं, कुणी खुणांनी बोललं आणि सचिवांनी ते बोलून दाखवलं, आणि प्रत्येक उत्तर वेळेवर येत होतं, ज्या वाक्याला द्यायचं त्या वाक्यालाच. वन्संची बोटं एकदाही अडखळली नाहीत. मी त्यांच्या डाव्या हाताकडेच बघत होते. करंगळी हलकेच आपल्या जागी बसली होती आणि तो अंगठा, काल परवापर्यंतचा आळशी, खालच्या कळीवर तालात पडत होता.

शेवटी एक वयस्कर सदस्य उठले. सदस्यांच्या पहिल्या रांगेत बसायचे आणि प्रत्येक ठरावाला मान हलवायचे, अशी त्यांची ख्याती. ते म्हणाले, मला एक सांगायचंय. मग खोकले. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बरीच वर्षं झाली, मला नीट ऐकू येत नाही. सांगायची लाज वाटायची. सगळे मान हलवतात तेव्हा मीही हलवतो. आज पहिल्यांदा सभेत काय चाललंय ते मला पूर्ण कळलं. इमारत पाडायला माझा विरोध आहे. आणि हा पडदा प्रत्येक सभेत लागला पाहिजे, असं मी सुचवतो."

त्यांचं बोलणं टाइप करताना वन्संचे डोळे भरले होते, पण एकही अक्षर चुकलं नाही. प्रस्ताव फेटाळला गेला. पडद्याचा ठराव लागलीच मांडला आणि एकमतानं पास झाला. ज्यांना भूक लागली होती त्यांनीही हात वर केला. पुढच्या रांगांमधल्या लोकांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन पंजे हलवले, ऐकू न येणारे लोक टाळ्या वाजवतात त्या अशा. सगळे वन्संकडे वळून पंजे हलवत होते. मग अभियंतेही हलवायला लागले, अध्यक्षही, आणि सगळ्यांत शेवटी, जरा लाजत, ते वयस्कर सदस्य. वन्संनी कीबोर्डवरून हात उचलले. काय करावं हे न सुचून त्यांनीही आपले दोन्ही पंजे वर केले आणि लहान मुलीसारखे हलवले.

पालिकेला आता प्रत्येक सभेला माणूस लागतो आणि शेजारच्या गावांनाही. वन्सं एकट्या पुरेनात. कार्यशाळेतल्याच एका खोलीत त्या शिकवायला लागल्या आहेत. पहिल्या दिवशी त्या कुणाला एक अक्षर टाइप करू देत नाहीत. स्प्रिंगवाल्यांची ती फळी समोर ठेवतात आणि म्हणतात, डोळे मिटा, सगळ्या कळा दाबा आणि बोटं काय म्हणतात ते मला सांगा. एक जाड बोटांचा निवृत्त कंडक्टर आहे, त्याला सगळ्यात जड स्प्रिंग लागते. एक कॉलेजातली मुलगी आहे, तिला तोच लोण्यासारखा गुळगुळीत आवडतो, जो वन्संना कधी जमला नाही, आणि ती त्यावर भन्नाट टाइप करते. वन्सं तिला शिकवताना अजिबात नाक मुरडत नाहीत. स्प्रिंगवाले आठवड्यातून एकदा येऊन बसतात आणि माझा नवरा प्रत्येकासाठी लाकडी पट्टी तासून देतो, हाताचं माप घेऊन.

परवा पालिकेच्या सभेला मी पुन्हा गेले होते. सदस्य जमले, दारं बंद झाली, अध्यक्षांनी कागद पुढ्यात ओढले. पण बोलायला सुरुवात करायच्या आधी त्यांनी मान वळवून बाजूच्या टेबलाकडे पाहिलं. वन्सं पट्टी सरळ करत होत्या. सगळं सभागृह थांबलं होतं. त्यांनी बोटं कळांवर ठेवली, अध्यक्षांकडे बघून मान हलवली, आणि मगच सभा सुरू झाली.